खाजनातल्या घुशी आणि आमचं मीठ

२४ ऑगस्ट २०२४, शनिवार
जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून सकाळच्या फेरीबोटीने दिवाडी बेटावर. छत्री उघडायचीही सोय नाही असा वारा. मी, धाकटा सहकारी आणि वीस पिंजऱ्यांची दोन पोती. फेरीबोटीवरच्या एका बाईने विचारलं, कोंबड्या नेताय का? हो म्हटलं. खरं सांगितलं असतं तर आणखी प्रश्न आले असते.

प्रकल्प एका वाक्यात लिहून ठेवते, पुढे विसरायला नको: खाजनातल्या (बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेल्या भातशेतीतल्या) शेतघुशीच्या आतड्यातले जिवाणू गोड्या पाण्याच्या शेतातल्या घुशीपेक्षा वेगळे असतात का, आणि असले तर त्यामागे मीठ आहे का. प्रश्न सुचला तो २०१७ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनावरून. प्रयोगशाळेतल्या उंदरांना जास्त मिठाचं खाणं दिलं तेव्हा त्यांच्या आतड्यातला लॅक्टोबॅसिलस म्युरिनस घटला होता. (२०२० साली लॅक्टोबॅसिलसची वाटणी झाली, त्यात या जिवाणूचं नाव लिजिलॅक्टोबॅसिलस म्युरिनस झालं. जुन्या सवयीने मी लॅक्टोबॅसिलसच लिहिणार.) ते उंदीर पिंजऱ्यातले. इथे पिढ्यान् पिढ्या भरतीच्या पाण्याशेजारी बिळं करून राहणारा प्राणी फुकट उपलब्ध आहे.

बांधावर कुळांपैकी एक आजोबा भेटले. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दरवाजाची, फळी बघायला आले होते. भरती चढली की मानशीची दारं पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर ढकलून उघडतात. हे पुस्तकात वाचलं होतं, पण प्रत्यक्ष पाहताना तोंड उघडं राहिलं. आजोबांना आमच्या पिंजऱ्यांत रस होता. पकडणार म्हटल्यावर खूश. पकडून, लेंड्या घेऊन परत सोडणार म्हटल्यावर चेहरा बदलला.

“सोडणार? इथेच?”

आमच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरीच तशी आहे: जिथे पकडला तिथेच सोडायचा. आजोबांचं म्हणणंही खोटं नाही. चिखलाच्या बांधाला घूस आणि खेकडा दोन्ही पोखरतात. बीळ आरपार झालं की उधाणाला तिथूनच पाणी शिरतं, आणि एकदा खारं पाणी भातात आलं की ते वर्ष गेलं. अर्ध्या तासाच्या वाटाघाटीनंतर ठरलं ते असं: बांधावर पिंजरे लावायचे नाहीत, फक्त आतल्या मेरांवर (शेतांमधल्या छोट्या बांधांवर) लावायचे. शिवाय बांधावरची जिवंत बिळं मोजून त्यांना आकडा द्यायचा. सौदा बरा झाला.

जाताना ते म्हणाले, “पण बाय, आता पाणी गोडं असतं.” मी हो म्हटलं आणि पुढे गेले.

२५ ऑगस्ट
जिवंत बिळं मोजायची पद्धत सोपी आहे. संध्याकाळी सगळी तोंडं चिखलाने लिंपायची आणि सकाळी जी उघडलेली दिसतील ती धरायची. काल ४१ लिंपली, आज १७ उघडी. शेतघुशीचं बीळ ओळखू येतं. तोंडाशी ताज्या मातीचा ढिगारा असतो आणि पुष्कळदा ती आतून मातीने तोंड बंद करून घेते. प्राणी म्हणजे बँडिकोटा बेंगालेन्सिस. घरामागच्या गटारातली मोठी घूस, बँडिकोटा इंडिका, ती वेगळी. हिची शेपटी डोक्यासह धडापेक्षा आखूड असते. डिवचलं तर पाठीवरचे केस उभे करून फुरफुरते. एका बिळात बहुधा एकच प्रौढ, किंवा आई आणि पिल्लं. आमच्या दृष्टीने हे चांगलं, कारण एकत्र राहणारे प्राणी एकमेकांचे जिवाणू उचलतात आणि मग दहा प्राणी धरले तरी नमुना एकच धरल्यासारखं होतं.

आकडा आजोबांना दिला. त्यांनी बिडीच्या पाकिटावर लिहून घेतला.

२९ ते ३१ ऑगस्ट
पिंजरे उघडे ठेवून फक्त खाणं टाकलं. घुशींना नवी वस्तू दिसली की दोन-तीन दिवस त्या जवळ जात नाहीत. म्हणून आधी सवय लावायची आणि मग झडप लावायची. आमिष: भाजलेलं खोबरं आणि सुकी सुंगटं (कोळंबी). सुंगटांची कल्पना माझी. वास लांब जातो. तिसऱ्या रात्री सगळं फस्त. गाडीत मात्र आता कोणी बसायला तयार नाही.

१ ते ४ सप्टेंबर
चार रात्री झडपा लावून. पकडलेले प्राणी ११. त्यातल्या चार चिचुंदऱ्या.

चिचुंदरी उंदीर नव्हे, ती कीटकभक्षी. तिला अंधनालच नसते. अंधनाल म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची ती पिशवी, जिथे घुशीच्या पोटातला भाताचा कोंडा, गवत, पेंढा जिवाणू आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट ही मेदाम्लं तयार होतात. आमच्या प्रश्नाच्या मुळाशी जी पिशवी आहे तीच नसलेला प्राणी सुंगटांच्या वासाने चार वेळा आत आला आणि चारही वेळा कुजका वास सोडून गेला. सहकाऱ्याने वहीत लिहिलं: ‘अनाहूत पाहुणे, सोडले.’

उरलेल्या सात शेतघुशी. पिंजऱ्याखाली निर्जंतुक केलेला ॲल्युमिनियमचा कागद, पहाटे पाचला पहिली फेरी, ताज्या लेंड्या चिमट्याने उचलून ९५ टक्के इथेनॉलच्या नळीत. बिळाच्या तोंडाशी पडलेल्या लेंड्या घ्यायच्या नाहीत, हे आधीच ठरलं होतं. त्यात आतड्यापेक्षा मातीचेच जिवाणू जास्त यायचे. मूत्र लागलेल्या लेंड्याही बाद. त्याला दुसरंही कारण आहे. लेप्टो तापाचा जिवाणू, लेप्टोस्पायरा, घुशीच्या मूत्रपिंडात राहतो आणि मूत्रातून बाहेर पडतो. त्यामुळे दोघांनीही जाड हातमोजे, गमबूट आणि डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायला दिलेली डॉक्सिसायक्लिन, म्हणजे प्रतिजैविक. मी मॅडमना, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांना, विचारलं होतं की गोळीने आमच्या हातून नमुन्यांवर काही परिणाम होईल का. त्या म्हणाल्या, तू घुशीला चाटणार नसशील तर नाही.

७ सप्टेंबर, चतुर्थी
घरी, डिचोलीला. काम नाही. गणपतीवर टांगायच्या माटोळीला बांधायला काकांनी रानातून आणलेल्या फळांत अर्ध्यांची नावं मला आली नाहीत. आईने ती एकेक करून सांगितली आणि वर म्हणाली, एवढं शिकून काय केलंस.

१२ ते १८ सप्टेंबर
गोड्या पाण्याची बाजू. आमच्याच गावचं खेर शेत, पाटाचं पाणी, खारं पाणी कधी न पाहिलेलं. तीच पद्धत, तेच आमिष, तेवढेच दिवस. सहा शेतघुशी, एकच चिचुंदरी. दोन्ही जागी सगळं सारखं ठेवलं याचा त्या आठवड्यात मला फार अभिमान वाटत होता, म्हणून ही नोंद मुद्दाम तशीच ठेवते.

नळ्या पहिल्या रात्री घरच्या फ्रिजमध्ये ठेवल्या, तीन पिशव्यांत गुंडाळून. आईला सांगितलं औषधं आहेत. सकाळी तिने पिशवीवरचं लेबल वाचलं. गणपती घरात असताना फ्रिजमध्ये घुशीची घाण, यावर जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. नळ्या त्याच दुपारी पणजीला.

२३ सप्टेंबर
डीएनए काढायला सुरुवात. लेंडीतल्या जिवाणूंची भिंत फोडायला बारीक मणी घालून नळी जोरात हलवावी लागते. नुसत्या रसायनाने जाड भिंतीचे जिवाणू फुटत नाहीत आणि मग ते नव्हतेच असं वाटतं. लॅक्टोबॅसिलस जाड भिंतीचाच, म्हणून यात काटकसर नको. प्रत्येक खेपेला एक रिकामी नळी, ज्यात लेंडी नाही, फक्त द्रावणं. डीएनए काढायच्या किटमध्येच थोडे जिवाणूंचे डीएनए असतात. रिकाम्या नळीत जे सापडेल ते नमुन्यात सापडलं तरी संशयाने बघायचं. शिवाय आठ जिवाणू आणि दोन यीस्ट ठरावीक प्रमाणात असलेलं तयार मिश्रण एका नळीत. यंत्राने त्याचं उत्तर बरोबर दिलं तर आमच्यावर विश्वास ठेवायचा.

दुपारी दोन तास वीज नव्हती. उणे वीसचा फ्रीजर उणे चारवर आला. नमुने इथेनॉलमध्ये असल्यामुळे काही बिघडलं नाही. गेल्या वर्षी ज्यांनी नुसतं गोठवून ठेवलं होतं त्यांचं बिघडलं होतं, तेव्हा मी हसले होते. आज नाही हसले.

४ ऑक्टोबर
कुरिअरवाल्याने नळ्या परत पाठवल्या. इथेनॉल ज्वलनशील, विमानाने असं साधं जात नाही. हे माहीत असायला हवं होतं. आता डीएनए वाळवून, कोरडा करून पाठवायचा. आठवडा वाया.

१९ ऑक्टोबर
दिवाडीला कापणी. कोरगुट भात कापून पेंढ्या मेरेवर. कापणीनंतर आजोबांच्या मुलांनी दोन बिळं खणली, आम्हालाही बोलावलं. बीळ नुसतं भोक नसतं, हे आज डोळ्यांनी पाहिलं. एक उतार, दोन फाटे, एका बाजूला पेंढ्याचं घरटं आणि एका कोठीत भाताच्या लोंब्या नीट रचून ठेवलेल्या, सगळ्या देठाकडून कापलेल्या. मुलांनी लोंब्या सुपात काढल्या आणि त्या सरळ घरी गेल्या. मी मोजायला मागितल्या तर दोन मिनिटं मिळाली.

वाईट गोष्ट. मेरेवर तीन मेलेल्या घुशी. कापणीआधी कोणीतरी झिंक फॉस्फाइडची गोळी टाकली होती, आम्हाला न सांगता. ते पोटातल्या आम्लात गेलं की फॉस्फीन वायू सुटतो. या नमुन्यांचा उपयोग नाही. मी चिडले. मग वाटलं, शेत त्यांचं. दीड महिना आम्ही लेंड्या गोळा करत होतो तेव्हा घुशी भात खात होत्या. चिडायचा हक्क कोणाला जास्त, ते उघड आहे.

मॅडमशी फोनवर बोलताना विषांवरूनच एक गोष्ट निघाली. दुसऱ्या जातीचं विष, ब्रोमाडिओलोन, रक्त गोठण्याला लागणाऱ्या व्हिटॅमिन केचं शरीरातलं चक्र थांबवतं. आतड्यातले जिवाणू हेच व्हिटॅमिन दुसऱ्या रूपात तयार करतात आणि उंदीर स्वतःच्या लेंड्या खाऊन ते परत मिळवतात. प्रयोगशाळेत लेंड्या खाऊ न दिलेल्या उंदरांना व्हिटॅमिन केची कमतरता होते. म्हणजे विष घातलेल्या शेतातून नमुने घेताना आपण नेमकं काय मोजतोय, हा वेगळाच प्रश्न. वेगळा प्रकल्प. इथे थांबते.

१७ नोव्हेंबर
डेटा आला. १३ नमुने, रिकाम्या नळ्या, मिश्रण. आम्ही जिवाणू ओळखायला १६एस जनुकाचा व्ही४ हा भाग वाचतो. पूर्ण जनुक साधारण १५०० अक्षरांचं आहे, हा त्यातला छोटा तुकडा. त्यामुळे बऱ्याचदा प्रजातीपर्यंत पोचता येत नाही, वंशावर किंवा कुळावर थांबावं लागतं. मिश्रणाचं उत्तर ठीक. रिकाम्या नळ्यांत नेहमीचे यशस्वी घुसखोर, राल्स्टोनिया वगैरे, अगदी थोडे.

पहिलं काम तण काढायचं. १६एस वाचताना वनस्पतींच्या हरितलवकाचे वाचनही येतात, कारण हरितलवक मुळात जिवाणूंचेच वंशज. ते फेकून द्यायचे. फेकण्याआधी मी एकदा पाहते. ज्या नमुन्यात ते खूप, त्या घुशीने हिरवं खाल्लेलं असतं. लहानसं सुख.

नंतर चित्र: एक ठिपका म्हणजे एक घूस, जिवाणू जितके सारखे तितके ठिपके जवळ. जंगली उंदरांत अपेक्षित तेच: म्युरिबॅक्युलेसी कुळ ठळक, बॅसिलोटा आणि बॅक्टेरॉइडोटा हे दोन मोठे गट मिळून बहुतांश. दोन जागांचे ठिपके मात्र एकमेकांत मिसळलेले. खाजन आणि खेर वेगळे ओळखूच येत नाहीत. लॅक्टोबॅसिलस दोन्हीकडे कमी-जास्त, ढब कसलीच नाही. सहकारी म्हणाला, म्हणजे मिठाचा परिणाम नाही. मॅडम म्हणाल्या, ‘परिणाम नाही’ आणि ‘परिणाम दिसला नाही’ यात फरक आहे, जा, शोधून काढ.

२४ नोव्हेंबर, रविवार
जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांच्या दर्शनाचा सोहळा तीन दिवसांपूर्वी सुरू झाला. धक्क्यावर पाय ठेवायला जागा नाही, फेरीबोटीला तासभर. दिवाडीला पोचेपर्यंत अकरा.

आजोबा मानशीजवळ. विचारलं, “किदें मेळ्ळें गो बाय?” मी सगळं सांगितलं. सोपं करून: खारट शेतातल्या आणि गोड्या शेतातल्या घुशींच्या पोटात फरक सापडला नाही.

ते म्हणाले, “पावसात आलीस ना. तेव्हा नदी गोडी. मीठ धुऊन जातं म्हणून तर आम्ही पेरतो. मीठ आता येईल.”

मग जरा थांबून: “आणि तू त्यांना सुंगटं घालत होतीस. ती मिठातली.”

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं काही नव्हतं.

घरी येऊन पाहिलं. मांडवीच्या खाडीत पावसाळ्यात वरच्या अंगाला क्षारता शून्याच्या आसपास येते, हे इथे समुद्रावर काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं. मी प्राण्यांची आहे, मला ठाऊक नव्हतं, आणि २४ ऑगस्टला मला ते फुकट सांगितलं गेलं होतं. पाण्याची क्षारता मोजायचा आमचा रिफ्रॅक्टोमीटर दुसऱ्या प्रयोगशाळेकडे होता म्हणून मी पाणी मोजलंच नाही. खाजन म्हणजे खारं, असं धरून चालले. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्या मेरांवर मिठाचा एकमेव भरवशाचा पुरवठा मी स्वतः करत होते, तीन रात्री सवय लावायला आणि चार रात्री झडपेत. आणि सगळं सारखं ठेवायचं म्हणून डिचोलीच्या घुशींनाही तेवढंच मीठ चारलं. दोन गट एकमेकांत मिसळलेले दिसणार नाहीत तर काय होणार.

मॅडमना मध्यरात्री मेल. सकाळी उत्तर एका ओळीत: आजोबांचं नाव आभारात घाल, त्यांची हरकत नसेल तर.

२ डिसेंबर
नवा आराखडा. आमिष फक्त भाजलेलं खोबरं. घुशी कमी येतील, येऊ देत. चिचुंदऱ्याही कमी येतील. प्रत्येक पिंजऱ्याजवळच्या पाण्याची क्षारता आणि बिळाच्या मातीची विद्युतवाहकता त्याच पहाटे मोजायची. दोन्ही जागी एकाच आठवड्यात काम. पहिल्या फेरीच्या आकड्यांशी तुलना नाही. भात उभं असतानाचं खाणं आणि कापणीनंतरचं खाणं वेगळं. इंग्लंडमधल्या जंगली उंदरांत खाणं कीटकांकडून बियांकडे वळतं तेव्हा आतड्यातले जिवाणूही बदललेले आढळले आहेत. ऋतू आणि मीठ एकत्र कालवले तर पुन्हा तोच गोंधळ.

११ ते १५ डिसेंबर, दिवाडी
कापणीनंतर मानशीतून खारं पाणी आत घेतलेलं, मासळीसाठी. ऑगस्टमध्ये चिखल होता तिथे आता चमकतं पाणी आणि बगळे. रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याला लावला आणि रेघ वर सरकलेली दिसली तेव्हा वेडगळ आनंद झाला. घुशी मेरांच्या कोरड्या भागाला सरकल्यात. खोबऱ्याला पाच घुशी, पाच रात्रीत. चिचुंदरी शून्य.

आजोबांनी विचारलं, या वेळी काय घातलंस. खोबरं म्हटलं. आमच्याकडचं घेऊन जा, तुझं खवट आहे, म्हणाले. वास घेतला. होतंच.

१८ ते २१ डिसेंबर, डिचोली
चार घुशी. नळ्या या वेळी थेट थर्मोकोलच्या डब्यात, घरात नाही. आईने विचारलं, डबा कसला. आईस्क्रीम म्हटलं. तिने विश्वास ठेवला नाही, पण उघडूनही पाहिला नाही.

१६ फेब्रुवारी २०२५
दुसरा डेटा. नऊ नमुने, म्हणजे जेमतेम. या वेळी खाजन आणि खेर यांचे ठिपके बऱ्यापैकी वेगळे पडले आणि खाजनातल्या पाचांपैकी चारांत लॅक्टोबॅसिलस कमी. सहकाऱ्याने टाळी द्यायला हात पुढे केला. मी दिली नाही. खाजनातल्या घुशी आता खेकडे, मासळीचे तुकडे, खाडीकाठचं गवत खातात. डिचोलीच्या घुशी भाताचा खाली पडलेला दाणा खातात. नऊ प्राण्यांत मीठ आणि ताट वेगळं करता येत नाही. पाचवी घूस, जिच्यात लॅक्टोबॅसिलस भरपूर होता, तिचं बीळ कुठे होतं ते वहीत पाहिलं: मेरेच्या टोकाला, आजोबांच्या घरामागच्या उकिरड्याशेजारी.

२३ फेब्रुवारी
मॅडमबरोबर बैठक. ठरलं: लेंड्यांतलं सोडियम मोजायचं, म्हणजे पाण्यात किती मीठ आहे यापेक्षा पोटात किती गेलं ते कळेल. प्रत्येक लेंडीचा अर्धा भाग आजपासून त्यासाठी वेगळा. उकिरड्याजवळच्या घुशी तिसरा गट म्हणून. पुढची फेरी मेमध्ये, पाऊस येण्याआधी, खाडी सगळ्यात खारी असताना. मग त्याच बिळांवर पुन्हा ऑगस्टमध्ये.

बांधावरची जिवंत बिळं मोजली: लिंपली ३८, उघडी २३. आकडा आजोबांना फोनवर सांगितला. ते म्हणाले, वाढली. मी म्हटलं, वाढली. ते म्हणाले, मेमध्ये येशील तेव्हा पिंजरे जास्त घेऊन ये.